झेब्र्यावर बसता येतं का? लिम्पोपोतल्या एका शिंगराच्या निमित्ताने

प्रश्न दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपो प्रांतातून आला आहे. तिथल्या एका मराठी कुटुंबाच्या शेतावर झेब्र्याचं पाच महिन्यांचं मादी शिंगरू आहे. आई कुंपणाच्या तारेत अडकून मेली आणि शिंगरू बाटलीच्या दुधावर वाढलं. आता ते घरातल्यांच्या मागे मागे फिरतं, मान खाजवून घेतं. घरी दोन घोडे आहेत आणि अकरा वर्षांची मुलगी चांगली घोडेस्वारी करते. त्यांनी विचारलंय की या शिंगराला घोड्यासारखं शिकवून पुढेमागे मुलीला त्याच्यावर बसवता येईल का, आणि येत असेल तर सुरुवात कुठून करायची.

आधी थेट उत्तर देतो. झेब्र्यावर बसता येतं. माणसं बसलेली आहेत, झेब्र्यांना गाड्यांनाही जुंपलेलं आहे. पण तुमच्या लेकीला या मादीवर बसवायचा बेत सोडून द्या. शिकवायला मात्र याच आठवड्यात लागा. माणसांत वाढलेल्या झेब्र्याला वेळेवर वळण लावलं नाही, तर दोन-तीन वर्षांत त्याच्याजवळ जाणं अवघड होतं. मग खूर तासायचे असोत, रक्त तपासायचं असो की ट्रेलरमध्ये चढवायचं असो, दर वेळी भुलीचं इंजेक्शन द्यावं लागतं. झेब्र्याला भूल देणं हे जोखमीचं काम आहे. घाबरून जिवाच्या आकांताने धावलेलं जनावर स्नायू निकामी होऊन काही तासांत किंवा काही दिवसांत मरू शकतं. मोठा रानटी झेब्रा पकडून त्याला शिकवायच्या फंदात पडू नका असं मी सगळ्यांना सांगतो, त्याचं पहिलं कारण हेच.

मी पुण्यात जुन्या चाबूकस्वारांच्या हाताखाली घोडे फिरवायला शिकलो. नंतरची बरीच वर्षं दक्षिण आफ्रिकेतल्या खासगी वन्यजीव शेतांवर घोडे, खेचरं आणि झेब्रे हाताळण्यात गेली. खाली शिकवण्याबद्दल जे लिहितोय ते त्या कामातलं आहे.

झेब्र्यावरच्या स्वारीची आपल्याला सगळ्यात जवळची गोष्ट एका गोवेकराची आहे. डॉ. रोझेन्दो रिबेरो १९००च्या सुमारास नैरोबीला पोचले, तेव्हा ते गाव म्हणजे रेल्वेच्या कामासाठी उभी राहिलेली छावणी होती. खासगी दवाखाना चालवणारे तिथले ते पहिले डॉक्टर, आणि दवाखाना सुरुवातीला तंबूत होता. १९०२ मध्ये इंडियन बाजारातल्या आजाऱ्यांना प्लेग झालाय हे त्यांनी ओळखलं आणि त्यानंतर तो बाजार जाळून टाकण्यात आला. हे डॉक्टर रुग्णांच्या घरी झेब्र्यावर बसून जात. त्यांचा झेब्र्यावर बसलेला फोटो आजही पाहायला मिळतो. पुढे तो झेब्रा मुंबईच्या प्राणिसंग्रहालयाला विकला गेला असं सांगतात. म्हणजे एका शिकवलेल्या झेब्र्यावर, वस्तीत, रोजच्या कामासाठी स्वारी झाली होती, यात शंका नाही.

त्या काळात अनेकांच्या डोक्यात झेब्रा का आला, याचं कारण माश्या आहेत. त्सेत्से माशी चावली की घोड्याला नागाना होतो, झिजत झिजत घोडा मरतो. शिवाय पावसाळ्यात बारीक चिलटांमुळे पसरणारा आफ्रिकन हॉर्स सिकनेस. नवा घोडा आणायचा आणि एका मोसमात पुरायचा, असं चाललेलं. झेब्रा त्याच माळावर गुटगुटीत चरताना दिसे. मग यालाच जुंपावं असं वाटणं साहजिक होतं. ट्रान्सव्हालमध्ये टपालगाड्या चालवणाऱ्या झीडरबर्ग कंपनीने १८९०च्या दशकात खेचरांच्या जोडीला झेब्रे लावून पाहिले. जर्मनांनी किलिमांजारोच्या पायथ्याशी झेब्रे पकडून कामाला लावायचा उद्योग केला. लंडनमध्ये वॉल्टर रॉथशिल्डने झेब्रे जुंपलेली बग्गी थेट बकिंगहॅम राजवाड्यापर्यंत नेली. यातलं काहीच टिकलं नाही. गाडीला जुंपलेला झेब्रा निमूट चालायचा, पण रोजच्या मजुरीला खेचराइतका दम त्याच्यात नव्हता. पुढे मोटारी आल्या आणि विषयच मागे पडला.

या सगळ्यांत मला कॅप्टन होरेस हेजचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं, कारण तो व्यवसायाने घोडे शिकवणारा होता आणि हिंदुस्थानातही त्याने काम केलं होतं. १८९१ मध्ये त्याने एक पूर्ण वाढलेला, खच्ची न केलेला डोंगरी झेब्रा दोन दिवसांत स्वारीला तयार केला. इतका, की त्याची बायको त्यावर बसली आणि तसा फोटोही काढला. लोक हे उदाहरण देऊन मला विचारतात, दोन दिवसांत होत असेल तर तुम्ही दोन वर्षं कसली सांगता? त्या काळी रानटी जनावर 'तयार' करायची रीत काय होती ते समजून घ्या. पाय दोरांनी जखडायचे, जनावर आडवं पाडायचं, धडपड थांबेपर्यंत तसंच ठेवायचं. सुटकेची आशा संपली की जनावर उभं राहतं, पाठीवर ओझं घेतं, काही करत नाही. बघणाऱ्याला ते शांत दिसतं. पण त्याचा श्वास बघा, नाकपुड्या बघा, त्याच्यापुढे लसूणघास ठेवून बघा. घाबरून गोठलेलं जनावर खात नाही. असं जनावर पंधरा दिवसांनी, महिन्याने, एखाद्या साध्या आवाजाने एकदम जागं होतं आणि तेव्हा पाठीवर कोण आहे याचा विचार करत नाही. घोड्याच्या बाबतीतही ही रीत वाईटच, पण घोड्यामागे पाळीवपणाच्या शेकडो पिढ्या उभ्या असतात म्हणून तो पुष्कळ सोसून घेतो. झेब्र्यामागे तसं काही नाही.

हा फरक आता विज्ञानानेही बराच उलगडला आहे. प्राचीन डीएनएवरचा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आजचे सगळे पाळीव घोडे व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या भागातल्या गवताळ प्रदेशातून सुमारे ४२०० वर्षांपूर्वी पसरायला लागले, हे त्यातून दिसलं. त्या घोड्यांत माणसाच्या निवडीचा ठसा ज्या जनुकांवर ठळक होता, त्यांतल्या एकाचा संबंध पाठीच्या कण्याच्या मजबुतीशी आहे आणि दुसऱ्याचा भीती आणि स्वभावाच्या शांतपणाशी. मी हे वाचलं तेव्हा थक्क झालो. झेब्र्यावर खोगीर टाकताना ज्या दोन गोष्टी आडव्या येतात त्या नेमक्या याच, पाठ आणि भीती. आणि आफ्रिकेतल्या लोकांना जनावर पाळणं जमलं नाही असं कुणी म्हणालं तर त्याला गाढवाची आठवण करून द्या. गाढव आफ्रिकेतच माणसाळलं, तेही घोड्याच्या कितीतरी आधी.

आता पाठीकडे नीट बघू. तुमच्याकडचा हा मैदानी झेब्रा. पूर्ण वाढलेली मादी साधारण अडीचशे किलोंच्या आसपास भरते, खांद्याशी उंची सव्वा मीटरच्या थोडी मागेपुढे. घोड्यावर त्याच्या वजनाच्या पंधरा ते वीस टक्क्यांपेक्षा जास्त भार टाकू नये असा दंडक आहे, आणि तोसुद्धा पाठीचे स्नायू तयार केलेल्या घोड्यासाठी. हाच हिशोब लावला तर चाळीस, फार तर पन्नास किलो, खोगिरासकट. तुमची मुलगी आज त्यात बसेल. पण मादी स्वारीच्या वयाला येईल, म्हणजे चार वर्षांची होईल, तेव्हा मुलगी चौदा-पंधराची असेल.

शिवाय घोड्याला मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो, ज्याच्यामुळे खोगीर जागेवर राहतं, तो झेब्र्याला जवळजवळ नसतो. पाठ गाढवासारखी सपाट, पोट गोल. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, कितीही आवळला तरी खोगीर पुढे मानेवर घसरतं. मागून दुमची आणि पुढून छातीपट्टा लावल्याशिवाय ते थांबत नाही, आणि शेपटीखाली दुमची सहन करायला शिकवणं हेच मुळात काही महिन्यांचं काम. मान जाड, आखूड आणि ताठ. लगामाने घोड्याची मान वळते, मानेमागे खांदे वळतात, खांद्यांमागे घोडा वळतो. झेब्र्याचं तोंड तुम्ही पुरतं एका बाजूला ओढलंत तरी धड सरळच धावत राहतं. मी ज्या झेब्र्यांवर हलकी माणसं बसवलेली पाहिली, ते सगळे पुढे चालणाऱ्या ओळखीच्या घोड्याच्या किंवा माणसाच्या मागे जात होते. स्वाराच्या सांगण्यावरून मोकळ्या माळावर वळणारा, थांबणारा झेब्रा फार म्हणजे फारच दुर्मीळ.

भीतीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळं शिक्षण तिच्याभोवती फिरतं. झेब्रा सिंह आणि तरसांच्या सोबतीने वाढलेलं जनावर आहे. तो आधी पळतो, पण पकडला गेला की लढतो. घोडा बहुतेक वेळा एक दुगाणी झाडून मोकळा होतो. झेब्रा नेम धरून झाडतो आणि समोरचं दूर जाईपर्यंत झाडत राहतो. चावला तर धरून ठेवतो. नर आपसात भांडताना एकमेकांचे पाय दातांत धरतात, मान मानेवर टाकून खाली दाबतात. माणसाळलेल्या नराने मालकाचा हात असाच धरलेला मी जवळून पाहिला आहे. तो नर बाटलीवर वाढलेला होता, आणि लोकांना नेमकं हेच कळत नाही. बाटलीवर वाढलेल्या जनावराची माणसाबद्दलची भीती गेलेली असते, पण अंगातला झेब्रा जात नाही. वयात आल्यावर ते तुम्हाला आपल्या कळपातलं समजून वागतं, आणि कळपात आपली जागा दात आणि खुरांनी ठरते. तुमची मादी आहे हे चांगलं झालं. तरी आज ती जे खेळताना करते, म्हणजे मागून येऊन डोकं मारणं, बाही चावणं, पाठ फिरवून ढुंगणाने ढकलणं, त्याचं तुम्हाला कौतुक वाटत असेल तर ते आजच थांबवा. मारून नव्हे. त्या क्षणी तिथून निघून जायचं. माणूस निघून जाणं ही माणसाळलेल्या शिंगराला पुरेशी शिक्षा असते.

सगळ्यात आधी तिला चार पायांची सोबत द्या. एकटं, नुसतं माणसांत वाढणारं शिंगरू स्वतःला माणूस समजायला लागतं. केनियात शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्टमध्ये पोरकी झेब्रा-शिंगरं वाढवताना राखणदार झेब्र्यासारखे पट्टे असलेला कोट घालतात आणि तोच कोट आळीपाळीने वापरतात. शिंगराचा जीव पट्ट्यांवर जडतो, एका माणसावर जडत नाही. तुमचं शिंगरू त्या वयाच्या पुढे गेलंय. आता एखादं वयस्क, शांत गाढव आणा. घोड्यांपेक्षा गाढव बरं, कारण ते घाबरून उधळत नाही. कसला आवाज झाला की आधी उभं राहून बघतं, आणि शिंगरू त्याच्याकडून तेच शिकतं. गाढव नर असेल तर खच्ची केलेलंच घ्या, आणि तुमच्या घोड्यांतला एखादा वळू असेल तर मादी मोठी झाल्यावर दोघांना वेगळं ठेवा. मैदानी झेब्र्याची गुणसूत्रं ४४, गाढवाची ६२, घोड्याची ६४. इतका फरक असूनही संकर होतो आणि होणारं पिल्लू वांझ निघतं. नको त्या गर्भारपणाने मादीचे हाल मात्र होतात.

जागा तयार करा. माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, फळ्यांचं, कोपरे गोल केलेलं छोटं आवार. तार अजिबात नको. आई कशाने गेली ते तुम्हाला माहीतच आहे. एका बाजूला लोखंडी आडव्या नळ्यांचं फाटक, ज्याच्यातून हात आत जाईल पण ती बाहेर लाथ मारू शकणार नाही. पायांचं सगळं काम याच फाटकातून करायचं. प्राणिसंग्रहालयांत आता बहुतेक ठिकाणी याच पद्धतीने काम होतं आणि ती पद्धत जीव वाचवते.

पहिला धडा काठीचा. बांबूच्या काठीच्या टोकाला टेनिसचा चेंडू बसवा. चेंडू तिच्या नाकापासून वीतभर लांब धरा. ती हुंगायला पुढे येईल, नाक लागलं की जिभेने एकदा टॉक करा आणि लसूणघासाच्या एक-दोन गोळ्या बादलीत टाका. हातातून कधीच भरवू नका. हातात खाऊ असतो हे एकदा कळलं की ती बोटं तपासायला लागते आणि तिथून चावायची सवय लागते. काही दिवसांत चेंडू जिथे जाईल तिथे नाक येईल. मग चेंडूमागे दोन पावलं, दहा पावलं, फळीवरून, ट्रेलरच्या उतरंडीवरून. पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊ नका, आणि तिने कंटाळून निघून जायच्या आधी तुम्ही थांबा. आवाराचं दार उघडं ठेवून शिकवा. जाता येत असूनही ती थांबली, तरच ती शिकतेय असं धरा.

दुसरा धडा स्पर्शाचा. इथे खाऊपेक्षा माघार जास्त उपयोगी पडते. हात खांद्याकडे न्यायचा. तिचे कान मागे गेले, कातडी थरथरली, तर हात आहे तिथेच थांबवायचा, पुढेही नाही, मागेही नाही. कान पुन्हा पुढे आले, तिने ओठ चाटले किंवा श्वास सोडला, की त्याच क्षणी हात काढून एक पाऊल मागे सरायचं. तुम्ही हात काढला कशामुळे हे तिला कळलं पाहिजे. ती झटकली आणि तुम्ही घाबरून हात काढलात, तर ती झटकायला शिकते. झेब्र्याच्या बाबतीत हे एका-दोन वेळात पक्कं होतं, घोड्यापेक्षा कितीतरी लवकर. त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी एकच रीत पाळायची.

खांद्यावरून हात खाली कोपरापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला एक काळपट खपली लागेल, तिला धक्का लागला तर काही दुखत नाही. घोड्याला ती चारही पायांना असते, झेब्र्याला आणि गाढवाला फक्त पुढच्या. गुडघ्याखाली हात पोचला की नळीला हलकेच चिमटा द्या. तिने वजन दुसऱ्या पायावर टाकलं, एवढंच पहिल्या दिवशी पुरे, टॉक आणि गोळी. पाय उचलला तर धरून ठेवू नका, तिच्या आधी तुम्ही सोडा. पाय आपल्याकडे परत मिळतो ही खात्री पटली की ती तो तुमच्या तळहातावर ठेवायला लागते, आणि मग हळूहळू दोन सेकंद, पाच सेकंद, खुरावर कानस एकदा फिरवणं.

मागच्या पायांना सुरुवातीला हात लावूच नका. लांब काठीला मऊ ब्रश बांधा, फाटकाबाहेर उभं राहून मांडीपासून खाली फिरवा. शेपूट दाबून धरली, एका नितंबावर वजन घेतलं आणि कान चपटे झाले, की पुढची लाथ ठरलेली. घोडा या तिन्ही खुणा सावकाश देतो, झेब्रा जवळजवळ एकदम देतो. म्हणून बघणारा दुसरा माणूस सोबत असायलाच हवा. ब्रश लागत असताना ती निवांत चघळत राहिली की मग तुमचा हात. कोरड्या, दगडाळ जमिनीवर खूर आपोआप झिजतात, पण तुमच्या घराभोवती हिरवळ आणि मऊ माती असेल तर ते वाढून वाकडे होतील. तेव्हा नालबंदाला जनावर निमूट पाय देतंय की त्याला बेशुद्ध करावं लागतंय, हे आत्ताच्या कामावर ठरतं.

ती पाच-सहा महिन्यांची असतानाच तिला म्होरकी ओळखीची करा. चामड्याची घ्या, नायलॉनची नको. अडकली तर चामडं तुटतं, नायलॉन तुटत नाही आणि मग मान मोडते. म्होरकीच्या फटीतून तिने स्वतः नाक घालायचं, आत खाऊ. काम झालं की म्होरकी काढून ठेवा. आणि दावणीला बांधू नका, कधीही. शिंगरू घोड्याचं असतं तेव्हा ते दोरीशी दोन झटके देऊन उमजतं. झेब्रा मागे ओढत ओढत स्वतःला पाडतो. दोरी तुमच्या हातात असू दे, सैल, आणि गाढव पुढे चालू दे. गाढवामागून शेतभर निमूट चालणारी मादी ही तुमची वर्षभराची कमाई समजा.

इथवर आल्यावर पाठीवर टॉवेल, मग मऊ गादी, मग सैल पट्टा, असं करत जायला माझी हरकत नाही. अंगाभोवती काही लागलं तरी न घाबरणं हे तिच्या उपयोगाचं आहे. उद्या जखमेवर पट्टी बांधायची वेळ आली तर तेच कामाला येईल. त्याच्या पुढे, माणूस पाठीवर घेण्यापर्यंत, मी तुम्हाला नेणार नाही. ज्या शेतांवर मी ते होताना पाहिलं, तिथे हलके, पडायची सवय असलेले प्रौढ स्वार होते, बंद आवार होतं, ओळखीचा घोडा पुढे होता आणि वेळ काही मिनिटांचा होता. एवढं करून मिळतं काय? फोटो. जनावराच्या पाठीला मात्र त्याचा त्रास होतो, आणि तुमच्या मुलीला तर स्वारीसाठी घरी दोन घोडे आहेतच.

रोगाचं सांगायचं राहू नये. झेब्र्याच्या रक्तात आफ्रिकन हॉर्स सिकनेसचा विषाणू काहीही लक्षण न दाखवता राहू शकतो, आणि चिलटं तो तुमच्या घोड्यांपर्यंत नेतात. घोड्यांची लस दर वर्षी चुकवू नका. तुमच्याकडे ती जून ते ऑक्टोबर या काळात देतात. संध्याकाळ ते सकाळ घोडे बंद तबेल्यात, जाळी लावून ठेवा. पट्ट्यांचं कापड घोड्यांवर टाकलंत तर दिवसाच्या माश्याही कमी बसतील. २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये घोड्यांना पट्ट्यांची झूल घालून ते तपासलेलं आहे. मादीला प्रांताबाहेर, विशेषतः वेस्टर्न केपकडे न्यायचं असेल तर सरकारी पशुवैद्याच्या परवान्याशिवाय हलवू नका, तिथे या रोगासाठी नियंत्रित क्षेत्र आहे. ती घरी ठेवण्यासाठी प्रांताच्या वन्यजीव खात्याची परवानगी लागते का, हेही लेखी विचारून ठेवा.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला फार्महाऊसवर झेब्रा आणायची हौस असेल, तर त्यांनी हा रोगाचा परिच्छेद दोनदा वाचावा. १९८७ मध्ये नामिबियातून स्पेनच्या एका सफारी पार्कमध्ये आणलेल्या झेब्र्यांबरोबर हा आजार तिथे शिरला आणि पुढची काही वर्षं घोडे मरत राहिले. २०२० मध्ये थायलंडमध्ये पाचशेहून अधिक घोडे गेले, संशय तिथेही आयात झेब्र्यांवरच आहे. आपल्याकडे १९६०च्या सुमारास हा रोग पश्चिम आशियातून पोचला होता. त्या साथीत मध्यपूर्वेपासून भारतापर्यंत मिळून सुमारे तीन लाख घोडे, गाढवं, खेचरं मेली. पुणे-मुंबईच्या शर्यतीच्या घोड्यांपासून जेजुरी-माथेरानच्या तट्टांपर्यंत कितीतरी घरांची चूल या जनावरांवर पेटते. एका हौसेपायी ती धोक्यात घालू नये असं मला फार मनापासून वाटतं.

पुन्हा तुमच्या शिंगराकडे येतो. दीड-दोन वर्षांची झाली की ती माजावर यायला लागेल. कळपात असती तर याच वयात एखाद्या नराने तिला आईच्या टोळीतून आपल्या टोळीत नेलं असतं. हाताळलेल्या मादीलाही झेब्र्यांत जायची ओढ लागते. ती कुंपणाशी येरझाऱ्या घालते, रात्री भुंकल्यासारखी ओरडते, खाणं सोडते. तुमच्या भागात झेब्र्यांचे कळप असलेली शेतं बरीच आहेत. आत्तापासून एखाद्या मालकाशी बोलून ठेवा. सव्वा वर्षाची झाली की तिला गाढवासकट त्यांच्या कळपाशेजारच्या आवारात ठेवा, मध्ये फळ्यांचं कुंपण, तोंडं लागतील एवढ्या फटी. कळपातल्या मोठ्या माद्या सुरुवातीला चावायला येतील, त्यासाठीच ते कुंपण. काही आठवडे असे गेल्यावर, कळपातली एखादी मादी तिच्याशेजारी उभी राहून तिची मान दातांनी खाजवायला लागली, की फाटक उघडायचं. काठीचं आणि फाटकातून पाय द्यायचं काम आठवड्यातून एकदा तिथेही चालू ठेवा, म्हणजे पशुवैद्याला ती कळपात असतानाही हाती लागेल.

हे काठीचं काम तुमच्या मुलीकडे सोपवा, फाटकाच्या बाहेरून, कुणी मोठं माणूस शेजारी असताना. घोडेस्वारीने तिचा हात हलका झालेला असेल आणि जनावराचे कान वाचायची सवय लागलेली असेल, आणि या कामाला तेच लागतं. तिला एक वही द्या. रोज कुठल्या भागाला हात लावू दिला, कान कधी मागे गेले, काय ऐकून दचकली, ते तिने लिहायचं. महिन्याभराने त्या वहीची पानं मला पाठवा. मागच्या पायांकडे कधी वळायचं ते मी त्यावरून सांगेन.